नाशिकमधून मास कॉममध्ये मास्टर्स करायचंय? मग सुरुवात इथून करा

दर वर्षी दिवाळी झाली की टीवायची मुलं विचारायला लागतात, ताई मास कॉममध्ये पीजी करायचंय, कुठं करू? मी कॉलेजचं नाव लगेच सांगत नाही, आधी विचारते की पुढं काम कसलं करायचंय. कारण मीडिया आणि कम्युनिकेशनचं पीजी या एका नावाखाली चार वेगळी शिक्षणं चालतात आणि चुकीच्या दारातून आत गेलं की दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे दोन्ही जातात. म्हणून हा लेख जरा लांब आहे, पण सगळा वाचा.

आधी स्वतःला ओळखा, त्यासाठी सिंहस्थाची बातमी घ्या

आपल्याकडं २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, रोज काही ना काही छापून येतंय. त्यातली एक बातमी वाचा आणि तुमच्या डोक्यात पहिला प्रश्न कुठला येतो तो बघा. "या कामाचं टेंडर कुणाला मिळालं, पैसे कुठं गेले?" असा आला तर तुम्ही पत्रकारितेच्या बाजूचे. "बाहेरगावाहून येणाऱ्या लाखो लोकांना कुठल्या घाटावर कधी जायचं हे कसं कळवणार?" असा आला तर तुमचा ओढा जनसंपर्क, जाहिरात किंवा विकास संवादाकडं आहे. "रामकुंडावरची पहाट कुठल्या अँगलनं शूट करता येईल?" असं वाटलं तर फिल्म आणि व्हिडिओ. आणि "सगळे पेपर हीच बातमी अशीच का मांडतायत?" हा प्रश्न पडला तर तुम्ही संशोधनाकडं, पुढं शिकवण्याकडं जाऊ शकता.

एक दिवस करून सोडू नका, आठवडाभर करा आणि रोजचा पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवा. आठवड्याच्या शेवटी वही वाचलीत की बऱ्यापैकी कळतं. दोन गोष्टी सारख्याच आवडत असतील तरी हरकत नाही, पण अर्ज करताना एक वरची आणि एक खालची ठरवावीच लागते, कारण चार प्रकारांचे कोर्स, परीक्षा आणि फी सगळं वेगळं आहे.

डिग्री की डिप्लोमा

एमए हा दोन वर्षांचा. नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पीजीचा आराखडा बदलला, दोन वर्षांचे मिळून साधारण ८८ क्रेडिट, पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष ऑफिसात जाऊन काम, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. एक वर्ष करून थांबायचं झालं तर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. घरची परिस्थिती कधीही बदलू शकते अशा मुलांसाठी ही सोय मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे थेट एक वर्षाचा पीजी डिप्लोमा. न्यूजरूममध्ये लवकर जायचं असेल तर हा बरा, पण पुढं नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन प्राध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर मास्टर्स डिग्रीच लागते, डिप्लोमावर भागत नाही. सरकारी माहिती खात्यातल्या पदांची एमपीएससीची जाहिरात येते तिथं पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, त्यामुळं ते डोक्यात असेल तर जुनी जाहिरात काढून पात्रतेचा परिच्छेद शब्द न शब्द वाचा, अनुभवाची अट पण बघा.

कुठं करायचं

नाशिक सोडायचं नसेल तर चौकशी एचपीटी महाविद्यालयाच्या पत्रकारिता विभागापासून सुरू करा. कॉलेज रोडवर आहे, जाऊन बसा, शिकवणाऱ्यांशी बोला आणि ऑफिसात विचारा की यंदा पीजीची बॅच आहे का, जागा किती, माध्यम कुठलं. केटीएचएम कॉलेजलाही जाऊन या. नोकरी करत शिकणार असाल तर १९८९ मध्ये सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गोवर्धनला आहे, तिथं सध्या कुठले पत्रकारितेचे कोर्स चालू आहेत ते माहितीपुस्तिकेत बघा. दूरशिक्षणातून कुठलीही डिग्री घेताना, मग विद्यापीठ कुठलंही असो, त्या कोर्सला त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का हे यूजीसीच्याच साइटवर स्वतः तपासायचं. एजंट म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका, मी हे फार कळकळीनं सांगते.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग, ज्याला सगळे रानडे म्हणतात. मराठी पत्रकारितेत जायचं असेल तर माझ्या मते आपल्या भागातल्या मुलांसाठी हा पहिला पर्याय. आपली नाशिकची कॉलेजं याच विद्यापीठाची असल्यानं कागदपत्रांची धावपळही कमी होते. फिल्मसाठी १९६० ची एफटीआयआय (पुण्यातली केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट), पण तिथली निवड कडक असते आणि शिक्षण पूर्णपणे सिनेमाच्या एकेका अंगाचं, म्हणजे दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी असं वेगवेगळं, तेव्हा "मीडियात काहीतरी करायचंय" एवढ्यावर तिकडं जाऊ नका. सिम्बायोसिसचं मीडिया कॉलेज लवळ्याला आहे, जाहिरात आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशनसाठी नाव आहे, पण फी लाखांत. मुंबईत विद्यापीठाचा विभाग आहे, झेवियर्सची कम्युनिकेशन इन्स्टिट्यूट आहे, सोफियाचा फक्त मुलींसाठीचा एक वर्षाचा कोर्स आहे आणि टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एमए, जिथं डॉक्युमेंट्री आणि समाजशास्त्र दोन्ही एकत्र शिकायला मिळतं.

आता एक नाव जे नाशिकच्या मुलांना माहितीच नसतं. दिल्लीची आयआयएमसी, म्हणजे भारतीय जनसंचार संस्था, १९६५ ची, तिचं एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथं मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा चालतो. राष्ट्रीय पातळीच्या संस्थेत मराठीतून पत्रकारिता शिकायची सोय आहे आणि लोक दिल्लीचंच स्वप्न बघत बसतात! २०२४ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यानंतर दिल्लीत एमएसुद्धा सुरू झालंय. राज्याबाहेर दिल्लीची जामिया, हैदराबाद विद्यापीठ, चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम, अहमदाबादची मायका ही नावं आपापल्या प्रकारात मोठी आहेत.

कॉलेज बघायला गेलात की बिल्डिंग आणि स्टुडिओ बघून भाळू नका. मागच्या बॅचच्या तीन-चार जणांना गाठा आणि विचारा की कॅमेरा आठवड्यातून किती वेळा हातात मिळतो, लिहिलेल्या बातमीवर सर-मॅडम लाल पेननं खुणा करून परत देतात का, इंटर्नशिप कॉलेजनं दिली की स्वतः शोधली. लिहिलेलं तपासून परत मिळत नसेल तर तिथं पत्रकारिता शिकायला जाण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक

सीयूईटी पीजी म्हणजे पीजी प्रवेशाची देशपातळीवरची सामाईक परीक्षा, तिचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते. टीवायच्या मुलांना वाटतं निकाल लागल्यावर बघू, तोपर्यंत हे दार बंद झालेलं असतं. शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येतो. आयआयएमसीचे बरेचसे कोर्स, टिस, आणि बरीच केंद्रीय विद्यापीठं याच परीक्षेतून घेतात (आयआयएमसीच्या मराठी पत्रकारितेची प्रवेश परीक्षा मात्र वेगळी असते, ती संस्थेच्याच साइटवर बघा), पण परीक्षा दिली म्हणजे अर्ज झाला असं नाही, प्रत्येक संस्थेच्या साइटवर परत वेगळी नोंदणी करावी लागते, आणि इथंच सगळ्यात जास्त मुलं गळतात. सिम्बायोसिस, मायका यांच्या स्वतःच्या परीक्षा आणि त्यांच्या तारखा आणखी आधीच्या. पुणे विद्यापीठाच्या विभागांची प्रवेश प्रक्रिया त्यामानानं उशिरा, उन्हाळ्यात. म्हणून दिवाळीनंतर लगेच एका मोठ्या कागदावर तारखा लिहून भिंतीला लावा.

परीक्षेची तयारी

सीयूईटी पीजीत ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबरला ४ गुण आणि चुकलं तर १ वजा. वेळ पुरतो पण माहिती तुटपुंजी असेल तर वजा गुणांनी मार बसतो. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. अभ्यासाची सुरुवात इतिहासापासून करा, ते लवकर होतं: १७८० मधलं हिकीचं बेंगॉल गॅझेट, ६ जानेवारी १८३२ चं बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालेलं दूरदर्शन, खेड्यांत उपग्रहातून टीव्ही पोचवणारा १९७५-७६ चा साइट (SITE) प्रयोग, १९९७ ची प्रसार भारती. मग कायदा: घटनेचं कलम १९(१)(क) आणि त्याला लागून येणारी १९(२) ची बंधनं, माहिती अधिकार २००५, प्रेस कौन्सिल, आणि १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा वृत्तपत्र नोंदणी कायदा.

सिद्धांतांना मुलं घाबरतात, पण पाठ करण्यापेक्षा ते आपल्या भागात लावून बघा. नवीन विचार समाजात कसा पसरतो यावर एव्हरेट रॉजर्सनं १९६२ मध्ये जी मांडणी केली तिचं मूळ अमेरिकेतल्या आयोवाच्या मका शेतकऱ्यांच्या अभ्यासात आहे, संकरित बियाणं आधी कुणी घेतलं, मागून कुणी घेतलं, कुणाचं ऐकून घेतलं. आता निफाड-दिंडोरीत द्राक्षाचं नवीन वाण कसं पसरतं ते कुठल्याही बागायतदाराला विचारा, तो तुम्हाला तीच गोष्ट सांगेल, आधी एक धाडसी माणूस लावतो, मग त्याच्या बागेत बाकीचे जाऊन बघतात, आणि सगळ्यात शेवटी ज्यांच्याकडं पैसा नाही ते. अजेंडा सेटिंगचंही तसंच, मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत तपासलं की माध्यमं ज्याला महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटतं का, आणि १९७२ मध्ये ते मांडलं. तुम्ही तपोवनातल्या झाडांच्या वादावर, २०२५ च्या शेवटी जो पेटला, हा सिद्धांत लावून एक पान लिहा. परीक्षेत, मुलाखतीत, सगळीकडं कामाला येईल.

चालू घडामोडींसाठी रोज एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर. मराठी माध्यमाच्या मुलांनो, इंग्रजीला घाबरून मास कॉम सोडू नका. एकच बातमी आधी मराठीत वाचा मग इंग्रजीत, अडलेले शब्द वाक्यासकट लिहून ठेवा, सहा महिन्यांत फरक पडतो. आणि मराठी नीट लिहिता येणं ही आज कमाईची गोष्ट आहे, चांगलं शुद्ध मराठी लिहिणारा माणूस न्यूजरूमला आणि जाहिरातवाल्यांनाही लागतोच. युनिकोड मराठी टायपिंग न बघता यायलाच हवं, आजपासून रोज अर्धा तास.

दाखवायला काम हवं

प्रवेशाच्या मुलाखतीत "मला लिहायची आवड आहे" हे प्रत्येक जण म्हणतो, पुढं प्रश्न येतो की काय लिहिलंय दाखवा. म्हणून अर्जाच्या आधी चार-पाच चांगली कामं तयार ठेवा. लासलगावच्या बाजार समितीत सकाळी जा, कांद्याचा लिलाव उभं राहून बघा, भाव कोण बोलतं, ट्रॅक्टरवाला शेतकरी तेव्हा काय करतो, ते आठशे शब्दांत लिहा. सातपूर-अंबडच्या कामगारांवर तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर करा, आवाजासाठी कॉलरचा साधा माइक वापरा, कारण चित्र थोडं हललेलं चालतं पण आवाज ऐकू आला नाही तर कुणी बघत नाही. रेडिओची आवड असेल तर नाशिकमध्ये रेडिओ विश्वास हे कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, तिथं जाऊन विचारा, कम्युनिटी रेडिओ चालतोच मुळी स्थानिक लोकांच्या सहभागावर. इथल्या दैनिकांत वाचकपत्र पाठवण्यापासूनसुद्धा सुरुवात करता येते. गावकरी, देशदूत ही तर नाशिकचीच, शिवाय मोठ्या पेपरांच्या आवृत्त्या आहेत.

फोटो काढताना, बाइट घेताना समोरच्याला आधी सांगा की हे कशासाठी आहे. लहान मुलं आणि पीडित व्यक्ती यांची ओळख दाखवू नका. हे शिक्षक शिकवतील तेव्हा शिकवतील, तुम्ही आजच पाळायला लागा.

संशोधनाचा विषय, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

एसओपीत (अर्जासोबत द्यायचं, हा कोर्स का करायचाय ते सांगणारं टिपण) किंवा मुलाखतीत विचारतात की तुम्हाला कशाचा अभ्यास करायचाय. "सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम" हे उत्तर देऊ नका. हा विषय एवढा मोठा आहे की दोन वर्षांत त्याचा कोपराही होणार नाही, आणि समोरच्यांनी तो हजार वेळा ऐकलाय. विषय असा पाहिजे ज्याला तारीख आहे, जागा आहे आणि ज्याची सामग्री तुमच्या हाताला लागते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि ४ मे २०२४ ला उठवली. प्रश्न असा: या काळात एकाच दैनिकाच्या नाशिक आणि मुंबई आवृत्तीत बंदीची बातमी शेतकऱ्याच्या बाजूनं मांडली की ग्राहकाच्या? झाला विषय. आता पाच महिन्यांचे सगळे अंक वाचणं एकट्याला जड, म्हणून नमुना काढायचा. या काळातले सगळे सोमवार लिहा, त्यातला एक चिठ्ठी टाकून निवडा, मग सगळ्या मंगळवारांतून एक, असं करत रविवारपर्यंत. याला रचित आठवडा म्हणतात. असे तीन-चार आठवडे केले की वाराचा परिणाम निघून जातो, म्हणजे रविवारच्या पुरवणीमुळं निष्कर्ष वाकडा होत नाही.

मग एक्सेलमध्ये तक्ता करा. तारीख, आवृत्ती, पान, बातमी किती कॉलमची, मथळ्यात कोण आहे, बातमीत कुणाचं म्हणणं आहे (शेतकरी, व्यापारी, अधिकारी, नेता, गृहिणी), आणि एकूण चौकट कुठली: उत्पादकाचं नुकसान, ग्राहकाला दिलासा, राजकारण, की नुसती बाजारभावाची माहिती. प्रत्येक रकान्याची व्याख्या आधीच लिहून ठेवा. शेतकरी संघटनेचा नेता बोलला तर तो शेतकरी धरायचा की नेता, हे मध्येच ठरवायला गेलात तर सगळा डेटा वाया जातो. साधारण दहा टक्के बातम्या मैत्रिणीला किंवा मित्राला द्या, व्याख्या द्या पण तुम्ही भरलेले रकाने न दाखवता त्यांच्याकडून भरून घ्या, आणि दोघांचं किती जुळतं ते बघा. जुळत नसेल तर व्याख्या ढिल्या आहेत, त्या घट्ट करा आणि परत करा. जुळणी मोजायला कोहेनचा कापा (Cohen's kappa) नावाचं माप वापरतात, ते गणित अवघड नाही.

अंक कुठं मिळतील? ई-पेपरच्या साइटवर बघा, दैनिकाच्या ऑफिसात विनंती करा, आणि १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या लोकांना विचारा. आकडे आल्यावर दोन-तीन वार्ताहरांच्या मुलाखती घ्या की तुम्ही बातमी अशी का लिहिली, मग तुमच्या तक्त्याला अर्थ येतो.

एवढं प्रवेशाआधी पूर्ण करायची गरज नाही. पण एका आठवड्याचे अंक घेऊन जरी करून बघितलंत आणि मुलाखतीत शांतपणे सांगितलंत, तर पॅनेलला लगेच कळतं की हा मुलगा, ही मुलगी काम करणारी आहे. अशा तयारीनं गेलेली साध्या घरातली मुलं आत्मविश्वासानं बोलताना मी बघितलीत, फार बरं वाटतं.

एसओपी लिहिताना आधी मराठीत मनापासून लिहा, मग तो कागद बाजूला ठेवून इंग्रजीत नव्यानं लिहा. वाक्यावाक्याचं भाषांतर करू नका. नेटवरून किंवा एआयकडून आयतं घेतलेलं तर अजिबात नको, मुलाखतीत त्याच कागदावरून प्रश्न येतात आणि स्वतःचंच वाक्य समजावून सांगता येत नाही.

पैसे

फी बघताना फक्त फी बघू नका. पुणे साधारण २१० किलोमीटर, बसनं पाच तास धरा, म्हणजे रोज जाऊन-येऊन शक्य नाही, खोली आणि मेस आलीच. मुंबईला पंचवटी एक्सप्रेसनं रोज जाणारे नोकरदार आहेत, पण प्रॅक्टिकल, एडिटिंग, रात्रीचं शूट असतं, विद्यार्थ्यानं दोन वर्षं असं करू नये. सरकारी विद्यापीठ आणि खाजगी संस्था यांच्या एकूण खर्चात काही लाखांचा फरक पडतो, आणि या क्षेत्रात सुरुवातीचा पगार कमी असतो. त्यामुळं मोठं कर्ज काढून पत्रकारितेचा कोर्स करू नका असं मी घरच्यांनाही सांगते. जाहिरात-कॉर्पोरेटसाठी काढायचं असेल तर आधी प्लेसमेंटचे खरे आकडे मागा, सरासरी सांगतील, तुम्ही मधला आकडा (पगार चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मध्ये येणारा) विचारा.

महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या बघा: प्रवर्गानुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजनाही आहे, तिचा अर्ज वेगळा असतो. प्रत्येकाला उत्पन्नाची, कोर्सची, टक्क्यांची अट आहे, ती त्या वर्षीच्या जीआरमध्ये वाचा आणि तुमचा कोर्स यादीत आहे का ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्ककडून खात्री करून घ्या. पुढं नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) निघालं तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पीएचडी करणाऱ्यांनी ते लक्ष्य ठेवावंच. आपल्या राज्यात सहायक प्राध्यापक व्हायला सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही चालते.

कागदपत्रं, ही आत्ताच काढायला टाका

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर हे सेतूतून निघतं, पण मे-जूनमध्ये तिथं एवढी गर्दी असते की तारखा उलटून जातात, आणि केंद्रीय संस्थांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. नॉन क्रीमी लेयरवरची मुदत बघा. आधार, दहावीची मार्कशीट आणि दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते तपासा, आईचं किंवा वडिलांचं नाव एका ठिकाणी असतं एका ठिकाणी नसतं आणि ऑनलाइन फॉर्म तिथंच अडतो. पुणे विद्यापीठ सोडून दुसरीकडं जाणार असाल तर टीसीबरोबर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल, त्याचा अर्ज विद्यापीठाकडं करावा लागतो, निकाल लागल्या लागल्या करून टाका. आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी नंबर लागला तर पहिल्या ठिकाणी पैसे भरण्याआधी फी परताव्याचा नियम वाचा, किती तारखेपर्यंत रद्द केलं तर किती कापतात ते, आणि मूळ कागद कुठंही जमा करून ठेवू नका, तपासून परत घ्या.